लावली तेव्हा चालत होती

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचायला घेतल्या की पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास भेटतं : 'रॅन व्हेन पार्क्ड'. लावली तेव्हा चालत होती. या वाक्यात खोटं काहीच नाही. गाडी लावली तेव्हा ती चालतच असणार, नाहीतर तिथवर आली कशी? (ढकलत, हे उत्तर मला नंतर मिळालं.) पण वाक्याची ठेवण बघा. कर्ता गायब. कुणी लावली, माहीत नाही. कधी लावली, तेही नाही; गेल्या मंगळवारी की रेगन राष्ट्राध्यक्ष असताना? आणि चालत होती तर ती तिथेच का राहिली, हा प्रश्न वाक्य स्वतःला विचारू देत नाही. शब्दन्‌शब्द खरा ठेवून वाचणाऱ्याला फसवणारं इतकं आटोपशीर गद्य मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आठ महिने मी हे गद्य वाचत होते. रोज रात्री, फोनवर, झोपायच्या आधी. मला एक जुनी फुल-साइज अमेरिकन सेडान घ्यायची होती आणि खिशात सात हजार डॉलर होते. या आठ महिन्यांत माझी खात्री झाली की जुन्या गाडीची जाहिरात हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. त्याला संकेत आहेत, अलंकार आहेत, घराणी आहेत. समीक्षा तेवढी नाही. नोकरी म्हणून मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे लोकांनी 'सगळं नीट चालतंय' असं लिहिलेलं वाचून काय चालत नसेल ते हुडकते. तेव्हा हे काम माझ्याकडे यायला हरकत नसावी.

आधी फुल-साइज म्हणजे काय ते सांगते, कारण भारतात 'मोठी गाडी' म्हटलं की इनोव्हा डोळ्यांसमोर येते. 1976 ची शेव्हरोले कप्रीस साडेपाच मीटरपेक्षा लांब आहे. इनोव्हा क्रिस्टाच्या पुढे जवळजवळ मीटरभर. आणि ही कुणा अब्जाधीशाची गाडी नव्हती. शाळामास्तर, पोस्टमन, विमा एजंट यांची होती. 1965 साली एकट्या इम्पाला या मॉडेलच्या दहा लाखांहून जास्त गाड्या एका वर्षात विकल्या गेल्या. पुढे एक लांबलचक सोफा, मागे दुसरा, डिकीत एक छोटं कुटुंब मावेल एवढी जागा, आणि बॉनेटखाली व्ही-8 इंजिन, जे लिटरला पाच किलोमीटर देतं आणि त्याबद्दल त्याला काडीचीही लाज वाटत नाही.

आमच्या घरात 'इम्पाला' हा शब्द विशेषणासारखा वापरला जायचा. कुणी जास्त ऐट केली की आजी म्हणायची, "इम्पालातून उतरलाय जसा." मुंबईला या गाड्या काही परक्या नव्हत्या. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. स्वातंत्र्याच्या सुमारास वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडायला घेतल्या आणि त्यांतल्या कितीतरी पुढे टॅक्सी म्हणून फिरल्या. आजोबा त्याच कुर्ल्यातले. तेव्हा मी ओहायोत बसून अमेरिकन सेडान शोधते आहे हे ऐकल्यावर बाबांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांना फक्त एकच विचारायचं होतं : "अगं, पार्ट मिळतात का?"

मिळतात. भरपूर मिळतात. पण ते का मिळतात, याचं कारण जरा दुःखद आहे.

अमेरिकन जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन दारांच्या गाडीला मान आहे. कूपे, कन्व्हर्टिबल. त्याच वर्षाची, त्याच कंपनीची, तेच इंजिन असलेली चार दारांची गाडी कितीतरी स्वस्त मिळते. शौकीन मंडळी तिला 'मोअर-डोअर' म्हणून चिडवतात. जाहिरातीत विकणारा स्वतःच क्षमा मागतो : 'चार दारांची आहे, पण...' हा 'पण' मी इतक्या वेळा वाचला, की मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातलं 'रंगाने जरा सावळी आहे, पण' कानात वाजायला लागलं. मग व्हायचं असं, की चांगल्या चालत्या सेडान विकत घेतल्या जायच्या, त्यांचं इंजिन, काचा, क्रोम, डॅशबोर्ड काढून कूपेला लावायचं आणि उरलेला सांगाडा भंगारात. पार्ट मिळतात ते असे.

या आवडीनिवडीमागे काय आहे? कूपे म्हणजे तरुण, एकटा, मोकळा माणूस. निदान तशी कल्पना. सेडान म्हणजे बायको, मुलं, सासू, किराणा. शौकिनाला जी गाडी परत मिळवायची असते ती त्याच्या बापाची नसते, बापाने घेऊ न दिलेली असते. सौंदर्याचा हा निकष मला कधीच पटला नाही. चार दारांच्या गाडीत छताची रेषा मागच्या माणसाच्या डोक्याचा विचार करून काढावी लागते. तो विचार करूनही देखणी दिसणारी गाडी ही अवघड रचना आहे. त्यातही हार्डटॉप सेडान, म्हणजे जिच्या दोन दारांमध्ये खांबच नाही, चारी काचा खाली केल्या की पुढपासून मागपर्यंत नुसती हवा. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर ही आली आणि 1978 च्या क्रायस्लरबरोबर संपली. तिची बाजू एकदा नीट बघा आणि मग मला कूपेचं कौतुक सांगा.

सेडानला कुणी जपलं नाही, त्यामुळे ती फोडायला मोकळी राहिली. 'द ब्लूज ब्रदर्स' (1980) या सिनेमात शंभराच्या वर गाड्यांचा चुराडा झाला, त्यांत पोलिसांच्या सेडानचा ढीग होता. नायकांची गाडीसुद्धा पोलिसांकडून लिलावात घेतलेली 1974 ची डॉज मोनॅको. हा सिनेमा मला आवडतो, आणि माझ्या मते त्या मोनॅकोवर त्याने केलेलं प्रेम खरं आहे : सिगरेट लायटर चालत नाही म्हणून बाहेर फेकून देतात, तरी ती गाडी पुलावरून उडी मारते. पण बाकीच्या सेडान तिथे नुसत्या रास म्हणून येतात. जत्रेतल्या डिमोलिशन डर्बीतही हेच. साठच्या दशकातल्या क्रायस्लर इम्पीरियलला अनेक डर्ब्यांमध्ये बंदी होती, कारण ती फुटेचना. सेडानच्या वाट्याला आलेला हा सर्वांत मोठा बहुमान.

एका समाजाला मात्र या गाडीचं महत्त्व वेगळ्या कारणाने कळलेलं होतं. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या पोस्टमनने 1936 पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका काढली : कुठल्या गावात कुठे जेवायला मिळेल, कुठे झोपायला मिळेल, कुठे पेट्रोल. ज्या रस्त्यावर कुणी खोली देणार नाही, त्या रस्त्यावर मोठी गाडी म्हणजे खोली. डिकीत डबे, पाणी, पांघरुणं. मागच्या सीटवर मुलं झोपलेली. गाडी वाटेत बंद पडू नये, कारण मदतीला कोण येईल याचा भरवसा नाही. व्ही-8 इंजिनाकडे नुसती चैन म्हणून बघणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. 'ग्रीन बुक' (2018) या सिनेमाने त्या मार्गदर्शिकेचं नाव घेतलं आणि 1962 ची हिरवट-निळी कॅडिलॅक सेडान डी व्हिल घेतली, पण पुस्तिकेत त्याला फारसा रस नाही. त्याला रस आहे दोन पुरुषांच्या मैत्रीत, आणि गाडी हा त्या मैत्रीचा चकचकीत सेट. गाडी इतकी स्वच्छ आहे की तिच्यात कुणी कधी भीतीने रात्र काढली असेल असं वाटतच नाही.

आता जिच्यामुळे माझं बजेट कोसळलं ती मालिका. 'सुपरनॅचरल' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. 2005 ते 2020, पंधरा सीझन, दोन भाऊ, भुतं आणि 1967 ची काळी शेव्हरोले इम्पाला. चार दारांची हार्डटॉप. निर्माता एरिक क्रिपकेने सांगितलेली हकीकत अशी की त्याच्या मनात आधी मस्टँग होती. गाड्यांतल्या एका जाणकार शेजाऱ्याने त्याला 67 ची इम्पाला घ्यायला सांगितलं, कारण तिच्या डिकीत प्रेत मावतं. विनोद आहे, पण समीक्षेच्या दृष्टीने तो शेजारी बरोबर होता. मस्टँगमध्ये ही मालिका उभीच राहिली नसती. तिला मागची सीट हवी होती. पाचव्या सीझनच्या शेवटी कळतं की लहानपणी या भावांनी ॲशट्रेमध्ये एक खेळण्यातला सैनिक अडकवून ठेवलाय, हवेच्या झडपांमध्ये लेगोचे तुकडे खुपसलेत, आपली आद्याक्षरं कोरलीत. घर नसलेल्या मुलांचं घर. सेडान म्हणजे काय हे त्या दोन-तीन मिनिटांत जितकं कळतं तितकं गाड्यांच्या मासिकांना कधी सांगता आलं नाही. मालिकेत भुतंखेतं कंटाळवाणी झाली तेव्हाही मी गाडीसाठी बघत राहिले.

परिणाम काय, तर 67 ची चार दारांची इम्पाला ही चिडवायची गोष्ट उरली नाही. काळी असेल तर माझ्यासारखीने विचारायचंही नाही. आणि मग अनुकरणाची लाट. मी पाहिलेल्या जाहिरातींपैकी 'सुपरनॅचरल कार!' या मथळ्याखाली एक 68 ची दोन दारांची होती, एक बदामी रंगाची 71 ची होती, आणि एक तर इम्पालाच नव्हती, ब्यूक होती. काळी मात्र होती.

जाहिरातींकडे परत येऊ. 'लावली तेव्हा चालत होती' हा एक अलंकार झाला. दुसरा, 'एसीत फक्त गॅस भरायला हवा'. त्या काळच्या गाड्यांच्या एसीत आर-12 हा गॅस असे, जो ओझोनच्या थराला घातक म्हणून अमेरिकेत बनवणं नव्वदच्या दशकाच्या मध्यावर थांबलं. 'फक्त' गॅस भरून काम भागत असतं तर विकणाऱ्याने भरला नसता का? या वाङ्मयात 'फक्त' हा शब्द दिसला की पाकिटावर हात ठेवायचा. तिसरा, 'पटिना'. म्हणजे काळाने चढवलेली झळाळी. तांब्याच्या हंड्यावर चढते ती झळाळी मान्य. पण ओहायोत ज्याला पटिना म्हणतात त्याला कुर्ल्यात गंज म्हणतात. चौथा, 'माझ्याकडे काय आहे ते मला ठाऊक आहे, उगाच कमी भाव सांगू नका'. हे जाहिरातीतलं वीररसाचं घराणं. ज्याला खरंच ठाऊक असतं तो हे वाक्य लिहीत नाही, असा माझा अनुभव.

फोटो हा मजकुराचाच भाग म्हणून वाचायचा. गाडी ओली असेल तर रंग गेलेला आहे. पाण्याखाली फिका रंगही चमकतो. आठही फोटो ड्रायव्हरच्या बाजूचे असतील तर दुसऱ्या बाजूला काहीतरी झालेलं आहे. डिकीतल्या गालिच्याचा फोटो आहे पण गालिचा उचललेला नाही, तर गालिच्याखाली रस्ता दिसत असणार. कवितेत जसं न लिहिलेलं वाचतात तसंच हे, फरक एवढाच की इथे चुकलं तर टो ट्रकचे पैसे आपले.

गंजाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ विसरत नाही. या गाड्यांमध्ये बॉडी वेगळी आणि खालची पोलादी चासी वेगळी. बॉडीवरचा गंज डोळ्यांना दिसतो, डेंटिंग-पेंटिंगवाला पुट्टी मारून तो लपवतोही. चासीवरचा गंज माणसाला मारतो. त्यामुळे जाताना तीन गोष्टी न्यायच्या : फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर. चुंबक चिकटत नाही तिथे पुट्टी. स्क्रू-ड्रायव्हर चासीवर ठोकला आणि 'टण्ण' आलं तर ठीक, 'थप्प' आलं तर नमस्कार करून निघायचं.

सिनसिनाटीच्या खाली एका गावात मी 1975 ची एक हार्डटॉप बघायला गेले होते. फोटोत ती अप्रतिम होती. गडद हिरवी, वर पांढरं व्हिनाइलचं छत. व्हिनाइलचं छत हे सत्तरच्या दशकातलं एक सोंग : लोखंडी छतावर कातड्यासारखं दिसणारं प्लॅस्टिक चिकटवायचं, म्हणजे गाडी कन्व्हर्टिबल असल्यासारखी, बग्गीसारखी, काहीतरी उंची वाटावी. त्याखाली पाणी साचतं आणि चाळीस वर्षं तिथेच राहतं. मी मागच्या काचेच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला. तो खाली गेला. लोखंडाचा पापड झालेला. मालक म्हणाला, "ते सगळ्यांचंच असतं." त्याचं म्हणणं खरं होतं. मी चहाही न घेता परत आले. नाही, अमेरिकेत चहा विचारत नाहीत, पण भावना तीच.

आता मत मांडते, ज्यावर बऱ्याच शौकिनांशी माझं पटत नाही. 1971 ते 76 च्या या प्रचंड गाड्या मला गाडी म्हणून वाईट वाटतात. लांबी वाढत गेली, माणसाची जागा तितकी वाढली नाही. वाढलं ते बॉनेट, बंपर, मागचा ओव्हरहँग. 1965 मध्ये फोर्डने एलटीडी काढून जाहिरात केली की ती रोल्स-रॉइसपेक्षा शांत आहे, आणि तिथून साध्या माणसाच्या गाडीला साहेबाची गाडी बनवायची हौस सुरू झाली. लाकूड म्हणून लाकडाच्या चित्राचं प्लॅस्टिक, बटणं टाचलेल्या मखमलीच्या सीटा, दारावर बिल्ले. याला 'ब्रोअम' म्हणायचे. लग्नाच्या हॉलमधलं सिंहासन आठवा. आकड्यांमध्येही सोंग होतं. इंजिनाची ताकद मोकळ्या इंजिनावर मोजायची पद्धत 1972 ला सोडली आणि गाडीत बसवलेल्या अवस्थेत मोजायला लागले. शेव्हरोलेचं एक 350 घनइंचाचं इंजिन एका वर्षात 245 अश्वशक्तीवरून 165 वर आलं. पूर्वीचे घोडे कागदावरचेच होते.

मग 1973 चं तेल संकट आलं आणि जनरल मोटर्सने अशी गोष्ट केली जी मोठ्या कंपन्या सहसा करत नाहीत : कापलं. 1977 ची कप्रीस आणि इम्पाला आधीच्यापेक्षा सुमारे पाव मीटरने आखूड आणि जवळजवळ तीनशे किलोंनी हलकी झाली. छत मात्र उंच झालं, मागच्या माणसाच्या पायांना जागा वाढली, डिकी वाढली. बाहेरून लहान, आतून मोठी. संपादन याला म्हणतात. रेषा सरळ, काचा मोठ्या, पत्र्यावर एकही उगाचची घडी नाही. 'मोटर ट्रेंड' मासिकाने कप्रीसला त्या वर्षीची सर्वोत्तम गाडी ठरवलं. त्याच साली डिझाइनप्रमुख बिल मिचेल निवृत्त झाला. ज्याने आयुष्यभर मोठं आणि लखलखीत काढलं, त्याच्या खात्यातून जाता जाता ही गाडी बाहेर पडली, हे मला फार आवडतं. ही पुरेशी जुनी नाही, पुरेशी मोठी नाही, पुरेशी चमकत नाही म्हणून शौकीन तिच्याकडे बघत नाहीत. आणि दोन दारांची नसेल तर अजिबातच नाही. माझ्या सात हजारांसाठी याहून चांगली बातमी नव्हती.

शहाण्या माणसाने खरं तर फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया घ्यावी. तीही बॉडी-चासी वेगळी असलेली व्ही-8 सेडान, 2011 पर्यंत कॅनडातल्या सेंट थॉमसला बनत होती, पोलिसांनी आणि टॅक्सीवाल्यांनी लाखो मैल पिटाळलेली. ती मिळते, चालते, दुरुस्त होते. पण तिच्याबद्दल लिहावंसं काही मला सापडलं नाही, म्हणून पुढे जाते.

एका व्हिडिओबद्दल मात्र लिहायलाच हवं. 2009 मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने आपल्या पन्नाशीनिमित्त दोन शेव्हरोले एकमेकींवर आदळवल्या : 1959 ची बेल एअर आणि 2009 ची मालिबू. ताशी 40 मैल, समोरासमोर, निम्म्या रुंदीवर. बेल एअर चार दारांचीच होती (कूपे फोडायचं धाडस कुणाला झालं असतं?). यूट्यूबवर आहे. 'जुन्या गाड्यांचं लोखंड कसं भक्कम होतं' असं म्हणणाऱ्या प्रत्येक काकाला तो दाखवावा. बेल एअरचं केबिन पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं दुमडतं, स्टिअरिंग आत घुसतं, आतला पुतळा माणूस असता तर वाचला नसता. मालिबूतल्या पुतळ्याचा पाय दुखावतो. लोखंड भक्कम असून भागत नाही. कुठे चेपायचं आणि कुठे नाही, हे त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. जुन्या वस्तूवर प्रेम करणाऱ्या लिखाणाचा मला राग येतो तो इथे. गाडीच्या शेपटीच्या पंखांवर पानंच्या पानं, आणि छातीवर रोखलेल्या स्टिअरिंगच्या दांड्यावर एक ओळ नाही.

मी यादीवर रेघ मारली. 1967 च्या आधीचं काही नको, कारण त्या सुमारास धक्क्याने चेपणारा स्टिअरिंगचा दांडा आला आणि ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटं आली. त्याआधी ब्रेकची एक नळी फुटली की चारी चाकं मोकळी. 1974 च्या आधीचंही नको, कारण पुढच्या सीटला खांद्यावरून येणारा एकसंध पट्टा तेव्हापासून. मागच्या सीटला तो 1990 च्या आसपासपर्यंत आलाच नाही, नुसता कमरेचा. म्हणजे ज्या मागच्या सीटच्या प्रेमात मी पडले, तिच्यावर माझ्या बहिणीच्या मुलाला बसवायचं नाही. "तो केवढा खूश होईल गं," ती म्हणाली. त्याला मी उभ्या गाडीत बसवीन, खिडक्या वरखाली करू देईन.

तर आता ती शेवटची जाहिरात. टोलेडोजवळची. मथळा : '1979 शेव्हरोले इम्पाला, 4 दारं'. 'पण' नाही. खाली सात ओळी. वडिलांची गाडी, त्यांनी नवीन घेतली होती, ते मार्चमध्ये वारले. चालते. मागच्या ब्रेकची नळी गळते. एसी 1990 च्या सुमारास बंद पडला, दुरुस्त केला नाही. उजवं मागचं फेंडर गंजलंय, फोटो पाच बघा. टायटल आहे. 1,31,000 मैल. एवढंच. विशेषण एकही नाही. मी ती जाहिरात दोनदा वाचली, कारण आठ महिन्यांत पहिल्यांदाच वाक्यांना कर्ता होता.

त्या मैलांच्या आकड्यात एक गोष्ट आहे. या गाड्यांच्या ओडोमीटरला पूर्ण मैलांची पाचच घरं असतात. 99,999 नंतर परत शून्य. प्रत्यक्ष गाडीवरचा आकडा होता 31 हजार आणि काहीतरी. जाहिरातीत 31 हजार लिहिलं असतं तर फोटोनेच साक्ष दिली असती, आणि इतक्या जुन्या गाडीला विकताना मैलांचं प्रमाणपत्र देण्यातून कायद्याने सूट आहे. 'वडिलांची गाडी, फक्त 31 हजार मैल' या ओळीवर दोन-तीन हजार डॉलर सहज जास्त आले असते. बाजारात तशा शंभर ओळी मी वाचल्या होत्या.

मी तिला विचारलं, एक लाख एकतीसच कशावरून? तिने ग्लव्ह बॉक्समधून एक वही काढून दिली. पाकिटाएवढी, तारेच्या बांधणीची. वडिलांनी भरलेलं प्रत्येक पेट्रोल त्यात होतं : तारीख, मैल, गॅलन, पैसे. एका ओळीत एक, पेन्सिलने, पहिल्या आठवड्यापासून. 1979 च्या उन्हाळ्यात, इराणच्या क्रांतीनंतर पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा, नोंदी एकदम लहान होतात, चार गॅलन, पाच गॅलन, आणि जवळजवळ येतात. पुढे एका पानावर 99,871 आहे. पुढची नोंद 00102. त्या ओळीशेजारी त्यांनी काही लिहिलेलं नाही, फक्त मैलांच्या आकड्याआधी बारीक अक्षरात 1 घातलाय, आणि तिथून पुढे प्रत्येक आकड्याआधी तो 1 आहे. शेवटपर्यंत. शेवटच्या दोन पानांवर अक्षर वेगळं आहे, ते तिचं.

वहीचं काय करायचं, मी विचारलं. ती म्हणाली, गाडीबरोबर जाते.

चासीवर मी स्क्रू-ड्रायव्हर ठोकला. टण्ण आलं, फक्त मागच्या उजव्या कोपऱ्यात आवाज जरा बसका होता, तिथे पट्टी वेल्ड करावी लागेल. भाव तिने सांगितला पाच हजार आठशे, मी पाच हजार पाचशे म्हटलं, ती पाच हजार सहाशेला थांबली. ब्रेकची नळी बदलल्याशिवाय चालवायची नाही असं ठरवून टो ट्रक बोलावला. रात्री बाबांना फोन केला.

"किती चाललीय?"

"एक लाख एकतीस हजार मैल."

बाबा मनात गुणाकार करत थांबले. "म्हणजे दोन लाखांवर किलोमीटर! अगं, आणि त्या बाईने हे तुला आपणहून सांगितलं?"

"जाहिरातीतच होतं."

"मग बघ बाई," ते म्हणाले, आणि पार्टचं विचारायला लागले.